पोटातला जोर

त्या वर्षी आमच्या घरात पोटाचा विषय रोज निघायचा. आधी निघायचा तो माझ्या पोटाचा, आणि तो सगळे मोकळेपणानं काढायचे, कारण माझ्या पोटात जोर नाही ही गोष्ट मैदानावर चारचौघांत उघडी पडली होती. आईच्या पोटाचा विषय मात्र कुणी काढला नाही. तो आपोआप वाढत गेला आणि आम्ही तिघं त्याच्या कडेकडेनं वावरत राहिलो.

नगरला सावेडीच्या पुढं एका बंगल्याच्या मागच्या बाजूला आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. पप्पा नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. दिवसभर पत्र्यावर प्रेस आपटल्याचा आवाज ऐकून त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळं जेवताना 'मीठ दे' एवढंसुद्धा ते ओरडून सांगायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा गडी भांडतोय. आई बायकांचे ब्लाउज शिवायची. तिचं मशीन पुढच्या खोलीत खिडकीला लावलेलं, त्याच्या शेजारी पिशव्यांचा ढीग, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टेप आणि कात्री. सकाळी डोळे उघडायच्या आत कानावर पडायचं ते भाकरी थापणं. ते थांबलं, स्टीलच्या डब्यांची झाकणं लागली, पप्पांची मोटरसायकल गल्लीतून बाहेर पडली, की थोड्या वेळानं मशीन सुरू व्हायचं. ते दुपारच्या जेवणापर्यंत चालायचं. त्या आवाजाची मला इतकी सवय होती की मी त्यातच अभ्यास करायचे आणि मशीन बंद पडलं की डोकं वर करून बघायचे. आईचं माहेर हिवरे बाजारच्या पलीकडं एका वस्तीवर. इतकी वर्षं शहरात काढूनही तिनं आपली बोली सोडली नव्हती. गिऱ्हाईक बायकांशी 'आहे, नाही' असं जपून बोलायची आणि त्या फाटकाबाहेर पडल्या की 'गेली बाई येकदाची, लई डोकं खाल्लं' म्हणून हसायची.

मी कॉलेजात होते आणि पोलीस भरतीची तयारी करत होते. पहाटे मैदानावर आम्ही पोरी जमायचो. पळण्यात मी बरी होते, बऱ्यापैकी पुढं असायचे. गोळा हातात आला की मात्र माझं हसं व्हायचं. हाताला ताकद होती, घागरी उचलून दंड घट्ट झालेले होते, पण गोळा सुटायचा आणि पायापासून थोड्याच अंतरावर धप्पकन पडायचा. आमचे सर जुने खेळाडू होते, रागावत नसत. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अश्विनी, गोळा हातानं फेकायचा नसतो. तो पायातून निघतो, पोटातून जातो, हात नुसता शेवटचा धक्का देतो. तुझा पोटातच अडतोय. पोट आणि कंबर तयार कर, नाहीतर लेखीला कितीही मार्क पाड, इथंच बाहेर पडशील."

म्हणून मी जिम लावली. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी होती, एका प्लायवूडच्या दुकानाखाली, तळघरात. सकाळ-संध्याकाळ तिथं पोरांची गर्दी असायची आणि शिकवायला माणूस असायचा. दुपारची वेळ बायकांची होती, पण दुपारी कोण येणार? बायका सुरुवातीला दोन-चार आल्या आणि ऊन वाढल्यावर यायच्या बंद झाल्या. शिकवणारा त्या वेळी घरी जेवायला गेलेला असायचा. नंदामावशी म्हणून एक झाडलोट करणाऱ्या बाई होत्या, त्या कुलूप काढून द्यायच्या आणि वर जिन्याच्या तोंडाशी वारा येतो तिथं मटकी निवडत बसायच्या. खाली मी एकटी. तीन भिंतींना आरसे, मधे झाकून ठेवल्यासारखी उभी असलेली काळी यंत्रं, घामाचा आणि रबराचा कुबट वास. वर दुकानात प्लायवूड कापायची करवत सुरू झाली की खालचे आरसे बारीक थरथरायचे, आणि आरशातली मी पण. पहिले काही दिवस मी नुसती एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्राकडं जायचे, दांडी ओढून बघायचे, कुणी बघत नाही ना म्हणून मागं वळून बघायचे आणि परत यायचे. कुणाला विचारणार?

मग फोनवर शोधायला लागले. एकटीला करता येतील असे, थोड्या वेळात होणारे, पोटाचे आणि कंबरेचे व्यायाम. कॉलेज आणि क्लासच्या मधे मला जेमतेम अर्धा तास मिळायचा, त्यात येणं-जाणं. फोनवर जे आलं ते बघून मी गोंधळूनच गेले. निम्म्या ठिकाणी 'पोट कमी करा, पोट सपाट करा' एवढंच, आणि त्यातल्या बायकांना मुळात पोटच नव्हतं. काही व्यायाम तासभर चालणारे. काहींना पाय धरायला दुसरं माणूस लागायचं. मी पाय बाकाखाली अडकवून, उताणी पडून उठायचा प्रयत्न केला आणि मान अशी धरली की दोन दिवस अंघोळीचा तांब्या डोक्यावरून घेता येईना. शेवटी मला एक बाई सापडली. मध्यम वयाची, साधा राखाडी टीशर्ट, मागं गाणं नाही, उड्या नाहीत. माझ्यासारख्याच एका रिकाम्या जिममध्ये ती एकटी उभी राहायची आणि हिंदीत सावकाश सांगायची. तिचे व्यायाम चार-पाचच होते, दहा मिनिटांत संपायचे, आणि दिसायला इतके सोपे की पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं. उताणं झोपायचं, हात आणि गुडघे आकाशाकडं, मग एक हात आणि उलट्या बाजूचा पाय हळूहळू जमिनीकडं न्यायचा, पण पाठ सतरंजीवरून सुटू द्यायची नाही. कुशीवर कोपर टेकून अंग फळीसारखं सरळ धरायचं. दोरीच्या यंत्राला आडवं उभं राहून मूठ छातीसमोर लांब धरायची. यंत्र आपल्याला बाजूला वळवायला बघतं, आपण वळायचं नाही. आणि शेवटी एकाच हातात जड डंबेल घेऊन, न झुकता, खोलीभर चालायचं.

ती बाई एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. पोट आत ओढू नका. कुणीतरी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून घट्ट करा, आणि मग सोडून द्या. हात पोटावर ठेवा. घट्ट झालेलं पोट आणि मोकळं सोडलेलं पोट, यातला फरक हाताला कळला पाहिजे. मी तळघरात उताणी पडून तेच करायचे. घट्ट, मोकळं. घट्ट, मोकळं. एकदा मधेच लाइट गेली. वरची करवत रडत रडत थांबली, आरसे नाहीसे झाले, आणि त्या गडद अंधारात फोनमधली बाई तशीच शांतपणे आकडे मोजत राहिली. मी हललेच नाही. हात पोटावर, आणि हाताखाली माझाच श्वास. मला आजही ती शांतता आठवते, कारण त्यानंतर बराच काळ मला तशी मिळाली नाही.

घरी आल्यावर आई विचारायची, "आज काय केलंस गं?" मी स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपून दाखवायचे. हात-पाय वर करून मी पडले की ती हसून हसून लाटणं खाली ठेवायची. "अगं, झुरळ मेल्यावर असंच पडतंय! ह्याच्यासाठी जिम कशाला पायजे?" एका हातात वजन घेऊन चालायचा व्यायाम सांगितला तर म्हणाली, "ह्यात काय येवढं? आमी कळशी कडंवर घिऊन आडावरून चालायचो की. झुकलं तर पानी सांडायचं आन् आय मारायची." तिनं पाण्याचा भरलेला डबा उचलून दोन खोल्यांतून ताठ चालून दाखवलं. परत आली तेव्हा दारातच थांबली आणि चौकटीला धरून उभी राहिली. दम लागला होता. "वय झालं बाई," म्हणाली. तिचं तेव्हा काय वय होतं! मी आज त्याच्या कितीतरी पुढं आले आहे, आणि भरलेली बादली उचलताना मला दम लागला तर मी ते 'वय झालं' म्हणून सोडून देत नाही.

बदल डोळ्यांसमोर होत होते, पण ते एकेक करून दिसायचे, एकत्र दिसायचे नाहीत. आईची खुर्ची मशीनपासून लांब सरकली. आधी ती मशीनला खेटून बसायची. आता हात लांब करून शिवायला लागली आणि त्यामुळं पाठ दुखते म्हणायला लागली. जेवायला बसली की अर्ध्या भाकरीतच ताट बाजूला सारायची. हुलग्याचे शेंगोळे तिच्या जिवाभावाचे. लसणाची फोडणी देऊन ती मोठं पातेलंभर करायची आणि सगळ्यात शेवटी बसून निवांत ओरपायची. त्या दिवशी दोन पळ्या घेतल्या आणि वाटीत बोट फिरवत बसली. "पोट भरलं गं. गॅसच लई झालाय." कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून तिनं गोळ्या आणल्या होत्या, त्या डब्यावर ठेवलेल्या असायच्या. आणि एक दिवस मी बघितलं, ती स्वतःचे ब्लाउज उसवत होती. हाताच्या शिवणी आत घेत होती, कारण दंड बारीक झाले होते. गळ्याची हाडं दिसायला लागली होती. आणि त्याच दुपारी तिनं परकराला नवी, लांब नाडी घातली, कारण जुनी पुरेना. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचं माप असं दोन दिशांनी जात होतं, आणि ती मान खाली घालून टाके घालत होती. मी विचारलं, "आई, तू बारीक होतेस का जाड?" ती म्हणाली, "तू अब्यास कर."

घरमालकीण काकूंनी ते तोंडानं बोलून दाखवलं. त्यांच्याकडं हळदीकुंकू होतं, पुढच्या हॉलमध्ये गल्लीतल्या सगळ्या बायका बसलेल्या. काकू मनानं वाईट नव्हत्या, मोठ्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आईला 'शालनताई' म्हणून मानानं हाक मारायच्या. आईच्या हाताला अत्तर लावता लावता त्यांनी खाली बघितलं आणि लाडिकपणे म्हणाल्या, "शालनताई, काही गोड बातमी आहे का? आम्हाला सांगितलंही नाहीत!" बायका हसल्या. आई पण हसली. वाण पदरात घेतलं, उठताना जमिनीला हात टेकला, आणि मागच्या बाजूनं खोलीत आली. वाणाची वाटी ओट्यावर ठेवून ती भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभी राहिली. त्यानंतर ती फाटकाबाहेर जाईना. गिऱ्हाईक आलं की मांडीवर कापडाचा ढीग घेऊन बसायची.

आणि मग एका दुपारी, मी जिमला निघाले तेव्हा, तिनं मशीन थांबवलं.

"अश्वे, मला बी शिकव त्ये पोटाचं."

"घरीच शिकवते की."

"घरी नगं. ह्या काकू खिडकीतून बघत्यात. तिथं दुपारचं कुनी नसतं म्हनतीस ना?"

तिनं माझा जुना सलवार-कमीज घातला. आयुष्यात पहिल्यांदा. कमीज खांद्यावर ढगळ आणि पोटावर तटतटलेला. त्यावरून मोठी ओढणी घेऊन ती माझ्या मागोमाग कडेकडेनं चालत आली. नंदामावशींनी तिला बघून परात बाजूला केली आणि जिन्यावर जागा दिली. "या वहिनी, पंखा लावा खालचा," म्हणाल्या. पण आई खाली उतरून गेली तरी त्या वाकून तिच्याकडंच बघत होत्या. आई आरशांसमोर आली आणि थबकली. घरात आमच्याकडं वीतभर आरसा होता, त्यात तिला फक्त कुंकू लावण्यापुरता चेहरा दिसायचा. इथं तिला ती सगळी दिसली, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. काटकुळे हात, सुकलेला चेहरा, आणि मधे पुढं आलेलं ते गोल. तिनं ओढणी ओढून घेतली आणि आरशांकडं पाठ केली.

मी सतरंजी अंथरली. तिला सावकाश उताणं झोपवलं. उताणं झोपताना तिचा चेहरा कसनुसा झाला, श्वास अडकल्यासारखा, म्हणून मी डोक्याखाली टॉवेलाची घडी ठेवली. मला शिकवायचा उत्साह आला होता हे मला अजून स्पष्ट आठवतं. मी फोनमधल्या बाईसारखी सावकाश बोलत होते. गुडघे उभे कर. आता कुणीतरी पोटात मारणार आहे असं समज आणि पोट घट्ट कर. मी तिच्या पोटावर हात ठेवला, कमिजावरूनच. तिनं घट्ट केलं. हाताखाली वरचा पातळ स्नायू ताठ झाला, अगदी माझ्यासारखाच, चांगला. "वा आई! तुझ्यात जोर आहे की." ती छताकडं बघत किंचित हसली. "आता सोडून दे. सगळं मोकळं सोड."

तिनं श्वास सोडला. वरचा स्नायू सैल झाला. आणि त्याखालचं काहीतरी सैल झालं नाही.

मला वाटलं तिनं नीट सोडलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा सोडलं. मी बोटं जरा दाबली. बेंबीच्या खाली, पार ओटीपोटापर्यंत, एक गोल, गच्च, गुळगुळीत गोष्ट होती, शेतातल्या कलिंगडावर तळवा ठेवावा तशी. मी हात एका बाजूनं सरकवला तर ते दुसऱ्या बाजूला हललं. तेवढंच, किंचित. मी इतके महिने स्वतःच्या पोटावर हात ठेवून घट्ट आणि मोकळं शिकत होते. घट्ट कसं लागतं, मोकळं कसं लागतं, हे माझ्या हाताला पाठ झालं होतं. हे त्या दोन्हीतलं नव्हतं. वर करवत सुरू झाली. आरसे थरथरले. माझा हात तिथंच होता, तो मला उचलता येईना.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही. आज बास एवढंच."

"का? मला जमतंय की."

"बास म्हटलं ना आई."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग उठायला लागली, पण तिला सरळ उठता येईना, म्हणून मी तिला कुशीवर वळवलं आणि हाताला धरून बसवलं. ओढणी नीट करता करता ती म्हणाली, "तुझं ग्राउंड होऊ दे. मंग बगू काय हाय त्ये." माझी मैदानी चाचणी जवळ आली होती, पण हाताला काय लागलं ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात एवढी घालमेल होती की तिनं असं का म्हणावं हा प्रश्न मला पडलाच नाही.

पप्पा संध्याकाळी आले. हातपाय धुऊन चहाला टेकले तेव्हा मी त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी जाऊन सांगितलं. हळू सांगितलं, आई आत होती. त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा ते नेहमीच्या आवाजात ओरडले, "गाठ? कसली गाठ?" आणि आतला भाकरीचा आवाज थांबला. आई पिठाचे हात घेऊन दारात आली. पप्पा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. "गॅस असंल," ते म्हणाले. "डॉक्टरनं गोळ्या दिल्यात ना? गॅसच असंल." आई म्हणाली, "व्हय, गॅसच हाय. हिला काय कळतंय." मी पहिल्यांदा त्या घरात आवाज चढवला. गॅस हलत नाही, म्हणाले. गॅसला कडा नसते. हिचे हात बघा, गळा बघा. उद्या दवाखान्यात न्यायचं, नाहीतर मी ग्राउंडला जाणार नाही, भरतीला उभी राहणार नाही. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास खोलीभर पसरला आणि ती उतरवायला कुणी उठलं नाही. सकाळी मी जागी झाले तर पप्पा कामावर गेले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, दारात चपला घालून ते उभे होते. त्यांचा आवाज त्या दिवशी इतका खाली गेला होता की मलाच दोनदा विचारावं लागलं. ते म्हणत होते, "चला. उशीर नगं."

सोनोग्राफी करणारा डॉक्टर तरुण होता, सुरुवातीला गप्पा मारत होता. मग त्याचं बोलणं थांबलं. तो एकाच जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवायला लागला आणि पडदा आमच्याकडून जरा वळवून घेतला. अंडाशयावरची गाठ होती. तिनं आतली सगळी जागा व्यापली होती, जठर वर ढकललं होतं, म्हणून दोन घासांत पोट भरायचं. लगेच ऑपरेशन करायला सांगितलं. त्या दिवसांतलं मला तुटक तुटक आठवतं. वॉर्डातला फिनाईलचा वास, पप्पांनी कँटीनमधून आणलेला, कुणीच न प्यालेला चहा, आणि ऑपरेशनच्या आदल्या सकाळी बांगड्या काढताना आईचा हात इतका बारीक झालेला की साबण लावायची गरज पडली नाही. मैदानी चाचणी त्याच आठवड्यात होती. आईनं अंथरुणावरून फर्मान काढलं म्हणून मी गेले. गोळा माझ्या हातातून त्या दिवशी जसा सुटला तसा आधी कधी सुटला नव्हता. सर लांबून टाळ्या वाजवत होते. पळताना मात्र शेवटच्या वळणावर माझे पायच संपले, आणि त्या वर्षी मी राहिले. पुढच्या भरतीत लागले. सगळी नोकरी मी ह्याच जिल्ह्यात काढली, श्रीरामपूरपासून जामखेडपर्यंत. आईनं माझी वर्दी बघितली. तिच्या बाह्या तिनंच दुरुस्त करून दिल्या. पोटावर उभा व्रण, डोक्यावर केमोनंतर आलेले मऊ कुरळे केस, आणि मशीनला खेटून बसलेली. तिला आणखी बरीच वर्षं मिळाली. सगळी चांगली नव्हती, पण मिळाली. गाठ दुसऱ्यांदा आली तेव्हा मात्र तिला कुणालाच थांबवता आलं नाही.

हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते ऑपरेशननंतर रिपोर्ट आला त्या सकाळचं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंच्या लहानशा खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. बाईंनी रिपोर्ट वाचला, गाठ साधी नाही हे सांगितलं, पुढं काय काय करावं लागेल ते सांगितलं. पप्पा मान डोलावत होते. त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे. मग बाईंनी लिहिता लिहिता, वर न बघता विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला असं काही होतं का? आई, बहीण, मावशी?"

"न्हाई," आई म्हणाली.

बाईंनी ते लिहिलं. पेन पुढच्या ओळीवर गेलं. आई खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवत होती. बाहेर कुणीतरी बाळाला खेळवत होतं, त्याचा आवाज आत येत होता.

"आयला हुतं," आई एकदम म्हणाली. "माज्या आयला. पोट फुगून गेली ती. लोकं म्हनायची, करनी केली. म्या रोज सांजच्याला तिच्या पोटाला एरंडेल चोळायचे. आत आसंच लागायचं. गोल. हाताखाली हलायचं."

पप्पांनी मला कोपरानं ढोसलं, ती काय म्हणतेय ते विचारायला. आईला सगळं माहीत होतं. खुर्ची मागं सरकवताना, नाडी बदलताना, तळघरात सतरंजीवर माझा हात पोटावर असताना आणि छताकडं बघून ती हसली तेव्हासुद्धा. काय झालं म्हणून तिनं मला विचारलं होतं ते मला काय कळलं एवढंच बघायला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"हिच्याएवढी हुते," आई म्हणाली, आणि तिनं माझा हात धरला. तिची बोटं गार होती आणि पकड मात्र घट्ट.

बाईंनी चष्मा काढला. आल्यापासून त्या आईशीच बोलत होत्या, आईकडंच बघत होत्या. आता त्यांनी खुर्ची थोडी वळवली, माझ्याकडं बघितलं, आणि ज्या आवाजात त्यांनी आईची विचारपूस सुरू केली होती त्याच मऊ, सावकाश आवाजात विचारलं, "बाळा, तुझं नाव काय? आणि वय?"

त्यांनी नवा कागद ओढला. मी नाव सांगितलं.